दोन गोळ्या आणि एक लाल कोट

“सकाळपासून तीन विनोद सांगितले मी. तिसऱ्याला तर सांगता सांगता माझं मलाच हसू आलं. पण ही? मशीनवरून मान वर नाही. आता याला उदास म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?”

ही कुरकुर आमच्या सासूबाईंची. ऐकणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या काकू. आणि जिच्याबद्दल चाललं होतं ती मी, दोघींपासून एका पडद्याच्या अंतरावर तोंडात टाचण्या धरून बसले होते. तोंडात टाचण्या असताना माणूस हसत नाही. हसलाच तर पुढचे विनोद दवाखान्यात ऐकतो.

आमच्या बाहेरच्या खोलीचा एक कोपरा पडदा लावून वेगळा केलाय, तेच माझं कपडेदुरुस्तीचं दुकान. पडदा ओढला की आतलं माणूस बहिरं होतं अशी घरातल्या सगळ्यांची समजूत आहे. त्यामुळे माझ्याबद्दलची सगळी माहिती मला अगदी वेळच्या वेळी मिळते.

“तरी मी म्हटलंच होतं,” काकू म्हणाल्या. काकूंनी प्रत्येक गोष्ट आधी म्हटलेलीच असते. “औषधाच्या कागदावर छापलंय ना? मग! छापलेलं खोटं असतं का?”

सगळं झालं ते त्या कागदामुळे.

माझा घोटा मोडला होता. पुढे हाड जुळलं, प्लास्टर निघालं, आणि सगळ्यांनी मिळून मला बरी जाहीर केलं. पण त्या हाडाच्या शेजारून जाणारी नस जी रुसली ती रुसलीच. पाऊल कधी निखाऱ्यावर ठेवल्यासारखं पोळायचं, तर कधी आत मुंग्यांची सभा भरायची आणि ठराव काही केल्या मंजूर होत नसावा असा गलका चालायचा. पांघरुणाची कड लागली तरी जीव कळवळायचा. आणि वरून बघाल तर पाऊल इतकं सभ्य, इतकं गोरंगोमटं, की त्याच्याबद्दल तक्रार करताना मीच खोटारडी ठरावी. सूज असती तर दाखवता आली असती. जखम असती तर चार लोक हळहळले असते. दुखण्याला दिसण्याची अक्कल नसली की माणसाची फार पंचाईत होते.

त्यात लोक विचारतात कसं, तर “आता बरंय ना?” उत्तर प्रश्नातच शिवून दिलेलं. आपण फक्त गाठ मारायची. मी म्हणायचे, “हो, बरंय.”

शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला दोन गोळ्या दिल्या. दोन्ही कमी ताकदीच्या, दोन्ही रोज घ्यायच्या. त्यांनी ते नीट समजावूनही सांगितलं. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे. गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्यालाही कळलेलं नसतं, तरी मी मान हलवते आणि मग माप घेऊन माझं मी ठरवते. औषधाचं माप असं घेता येत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी खोक्यांतले कागद उलगडले. हे कागद कारखान्यात कोण घडी करतं मला ठाऊक नाही, पण त्या माणसाला मी माझ्या दुकानात आनंदाने ठेवून घेईन. आगपेटीएवढ्या खोक्यातून निघालेल्या कागदाने आमचं जेवायचं टेबल झाकलं. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, हे औषध आकडीवर देतात. दुसऱ्यावर होतं, हे नैराश्यावर देतात. त्याखाली, बऱ्याच खाली, ‘नसांच्या दुखण्यावरही’ असं काहीतरी होतं. पण तिथवर हे वाचत पोचेपर्यंत सासूबाई पायात चपला सरकवून काकूंकडे निघूनही गेल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत इमारतीत मला दोन नवे आजार झाले.

लोक वाईट नव्हते हो. उलट इतके चांगले वागायला लागले की मलाच धडकी भरली. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई, ज्यांनी आजवर प्रत्येक बाहीची तक्रार केली, त्या म्हणाल्या, “राहू दे गं, एक बाही आखूड असली तरी चालते.” सासूबाई विनोद सांगायला लागल्या. त्यांच्या विनोदांत शेवट आधी येतो, पण माया पोचते. आणि या मायेतूनच त्यांनी माझ्या कात्र्या लपवल्या. मोठी कात्री, छोटी कात्री, टाके उसवायचं हत्यार, ब्लेडं, सगळं. उदास माणसाच्या हाताशी धारदार वस्तू नको, आणि आकडी आली तर मुळीच नको, असं काकूंचं मत पडलं होतं. मी दातांनी दोरे तोडत शिवणकाम करू लागले. बोलले नाही काही. म्हटलं, म्हातारीचा जीव शांत राहतोय ना, राहू दे. दात माझेच आहेत.

आता आमचे हे. हे लिफ्ट दुरुस्त करतात. (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या नशिबी जिनाच.) ह्यांचा धंद्यातला एक नियम आहे, आणि तो हे देवावरच्या श्रद्धेने पाळतात: एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन फिरवले आणि लिफ्ट चालू झाली, तर नक्की कुठल्याने झाली ते कळत नाही.

“दोन गोळ्या एकदम म्हणजे दोन स्क्रू एकदम,” हे म्हणाले. “त्यातली एक काम करतेय आणि दुसरी नुसती सोबत फिरतेय. आपण शोधून काढू.”

“कसं?”

“आज ही, उद्या ती. एक दिवसाआड. काम कुठली करते ते कळलं की दुसरी बंद!”

हे बोलताना ह्यांचे डोळे असे चमकले, की मला नाही म्हणवेना. ‘बंद’ हा शब्दही कानाला फार गोड लागला. डॉक्टरीणबाईंना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. घरच्या मशीनचे पेच बाहेर कशाला दाखवायचे!

तेव्हापासून जेवताना हे चिमटीत गोळी धरून समोर ठेवत, एखादा अस्सल सुटा भाग द्यावा तशी. दुसऱ्या दिवशी विचारत, “काय फरक?” फरक होता ना! एका दिवशी मी डुलायचे, दुसऱ्या दिवशी पाऊल पेटायचं. डुलायच्या दिवशी दाराची चौकट माझ्या वाटेत यायची, पेटायच्या दिवशी मी चौकटीला शिव्या घालायचे. घाम काय, मळमळ काय. ह्यांचं म्हणणं, मशीन ‘बसतेय’. सासूबाईंचं म्हणणं, उदासी ‘चढतेय’. काकूंनी तर आधीच म्हटलं होतं.

मी म्हणत होते, “बरंय.”

ट्रम्पेटवाल्यांचा कोट आला तो नेमका पेटायच्या दिवशी. बागेतल्या बँडमध्ये वाजवणारे हे गृहस्थ, गाल कायम थोडे फुगलेले, जणू पुढचा सूर तोंडात तयार. कोट लाल. सोनेरी दोर, पितळी बटणं, खांद्यांवर झालरी. आतलं अस्तर खालून सुटलं होतं.

“संध्याकाळी कार्यक्रम आहे, ताई. हा कोट नसेल तर मला रांगेत उभं करत नाहीत.”

“तासाभराचं काम,” मी म्हणाले. माझ्या हातून शिवण चुकली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. बाह्यांबद्दल म्हटलंय, शिवणीबद्दल नाही.

पण मशीनचा पेडल दाबायचा तो त्याच पायाने. दोन वेळा दाबला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. तेवढ्यात पडद्यातून काकूंचा हात आत आला. तळहातावर एक लाल गोळी.

“माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची उरलीय. दोन्ही गुडघ्यांना लागू पडली, तुझ्या एका पावलाला नाही पडणार?”

हिशोब बिनतोड होता. मी घेतली. त्या सकाळच्या चहाला खोकल्याच्या औषधाचा वास का येत होता, याचाही विचार मी तेव्हा केला नाही. सासूबाईंनी ‘जरा शांत वाटेल’ म्हणून कपात दोन झाकणं ओतली होती, हे पुढे उघडकीला आलं.

थोड्या वेळाने पाऊल गप्प झालं. मग मशीनचा आवाज लांबून यायला लागला. मग कोटाचा लाल रंग फार सुंदर दिसायला लागला. अस्तर सुईखालून पाण्यासारखं सरकत होतं. इतकी सरळ शिवण माझ्या हातून कधीच आली नव्हती. मजबूत राहावी म्हणून मी उलट जाऊन पुन्हा एकदा मारली. मग तिसऱ्यांदाही.

आणि कोट झटकून दाखवायला उभी राहिले, तर माझा गाऊनही त्याच्याबरोबर वर आला.

मी पटकन खाली बसले. पुन्हा हळूच उचलून पाहिलं. कोट उचलला की गाऊन उचलला जायचा. ट्रम्पेटवाल्यांच्या कोटाचं अस्तर मी माझ्या अंगातल्या गाऊनच्या घोळाला, गुडघ्यापासून पार खालपर्यंत, तीनपदरी शिवून टाकलं होतं.

“झाला का हो कोट?” पडद्याबाहेरून आवाज आला. ट्रम्पेटवाले.

“झाला,” मी म्हणाले. “पण लगेच नेता येणार नाही.”

“का बरं?”

“मी त्यात आहे.”

पुढचं दृश्य मला सांगवत नाही, पण सांगते. पडदा उघडला. ट्रम्पेटवाल्यांनी आधी कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दोघांच्या मधल्या शिवणीकडे. “शिवण मात्र छान आहे,” ते म्हणाले. सभ्य माणूस.

“आई, कात्री द्या.”

“ठेवल्यात मी जपून.”

“कुठे?”

सासूबाईंचा चेहरा पडला. “जपून,” त्या म्हणाल्या.

सगळं घर शोधलं. काकूंची कात्री मागितली, तर मी त्यांच्याकडे जाते-येते म्हणून तीही सासूबाईंनीच जपून ठेवलेली. स्वयंपाकाची सुरी आणली, तर ट्रम्पेटवाले कोटापुढे आडवे झाले. “सुरी नाही! बँडचा कोट आहे हा!”

तेवढ्यात हे कामावरून आले. दारात उभे राहून त्यांनी परिस्थितीची पाहणी केली, बिघाड बघतात तशी. मला हसू आलं. हसता हसता काहीतरी सांगायला गेले, तर जीभ जड. शब्द निघाला तो ओल्या कापसासारखा. खोलीने एक सावकाश गिरकी घेतली.

आणि मी ह्यांचा चेहरा पाहिला. तारा तुटलेल्या लिफ्टांपुढे उभा राहणारा हा माणूस, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

हे दवाखान्यात फोन करायला लागले. आधी एक छापील आवाजाची बाई म्हणाली, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग तिने संगीत लावलं. “सूर उतरलाय,” ट्रम्पेटवाले हळूच म्हणाले. शेवटी काउंटरवरची खरी बाई आली. तिने विचारलं, श्वास नीट चाललाय का, बोलताहेत का, काय काय घेतलंय. मग म्हणाली, “लगेच घेऊन या. आहेत तशा. आणि त्यांनी घेतलेलं सगळं पिशवीत घालून आणा.”

हे शिस्तीचे. आहेत तशा म्हणजे आहेत तशा.

म्हणून आम्ही निघालो ते असे: मध्ये मी, गाऊनमध्ये. एका बाजूने हे मला धरून. दुसऱ्या बाजूने ट्रम्पेटवाले कोट दोन्ही हातांवर तोलून, कारण तो लोंबकळला तर शिवणीवर ताण येईल. मागे सासूबाई औषधांची पिशवी छातीशी धरून, आणि त्यांच्या मागे काकू, गुडघे सांभाळत, एकेक पायरी आडवी होऊन. जिन्यात प्रत्येक दार उघडलं. समोरच्या बाईंनी “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला. आजवर या जिन्याने मी ताठ मानेने चढले-उतरले होते. आज मान ताठ ठेवायची तर गरगरत होतं.

काउंटरवर नवाच पेच.

“पेशंटबरोबर एकच माणूस आत,” काउंटरवाली बाई म्हणाली.

“मी नवरा.”

“मी सासू.”

“आणि हे?”

“मी कोटाबरोबर आहे,” ट्रम्पेटवाले म्हणाले.

“कोट पेशंटचा आहे का?”

“कोट बँडचा आहे.”

“मग कोट बाहेर ठेवा.”

“ठेवला असता हो,” हे कळवळून म्हणाले, “पण ही पण बाहेर राहील.”

बाईने नियमांची पाटी पाहिली. पाटीवर कोटाचा उल्लेख नव्हता. ती मुकाट्याने बाजूला झाली. काकू मात्र बाहेरच राहिल्या, आणि बाकावर बसलेल्यांना त्यांनी काय काय आधी म्हटलं होतं ते सांगत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी माझी नाडी, रक्तदाब, श्वास, डोळे सगळं पाहिलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून ठेवला. “आता धोका दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “पण गुंगी उतरेपर्यंत माझ्या नजरेसमोर बसायचं.” मग पिशवी टेबलावर पालथी केली. माझ्या दोन गोळ्या. लाल गोळीची पट्टी. खोकल्याची बाटली.

“ही बाटली कुणाची?”

सासूबाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. “चहात घातलं. दोनच झाकणं. शांत वाटावं म्हणून.”

“ही लाल?”

“काकूंची,” मी म्हणाले. “गुडघ्याची.”

“आणि या दोन्ही नेमून दिल्यासारख्या रोज घेत होतात?”

मग ह्यांनी घसा साफ करून स्क्रूचा नियम सांगितला. डॉक्टरीणबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमच्या लिफ्टला दोन दोर असतात ना?”

“जास्तच असतात.”

“मग कुठला दोर धरून ठेवतो ते बघायला तुम्ही आज हा काढता, उद्या तो?”

ह्यांनी मान खाली घातली.

“या गोळ्या दोन बाजूंनी नस शांत करतात. म्हणून थोड्या थोड्या दिल्यात. एकटीच जास्त दिली असती तर यांचा दिवस पेंगण्यात गेला असता. दोन्ही रोज, ठरलेल्या वेळी. आलटून पालटून नाही, मनाने बंद नाही. एकदम थांबवलं की अंग बिथरतं, तेच झालंय. कमी-जास्त करायचं तर मी सावकाश करीन. दोघी मुळात झोप आणणाऱ्या, त्यात खोकल्याचं औषध म्हणजे तिसरी झोप. आणि ही लाल गोळी,” त्यांनी पट्टी उचलून आपल्या खणात टाकली, “ही झोपेत भर घालते, श्वास मंद करू शकते, आणि तुमच्या दुसऱ्या गोळीशी तिचं अजिबात पटत नाही. आज थोडक्यात निभावलं. दुसऱ्याचं उरलेलं औषध कितीही प्रेमाने दिलं तरी घ्यायचं नाही. साधं सर्दीचं घ्यायचं तरी आधी मला विचारायचं. आणि गुंगी आहे तोवर मशीन बंद.”

“पण ती दुसरी गोळी उदासीची ना?” सासूबाईंना राहवेना.

“उदासीवरही देतात, नसांवरही देतात. तुमच्या सूनबाईंना नसांसाठी दिलीय.”

“म्हणजे विनोद...”

“विनोद चालू ठेवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांचं कशाशी वाकडं नाही.”

मग त्यांचं लक्ष कोटाकडे गेलं. इतका वेळ एक लाल कोट धरून उभा असलेला माणूस खोलीत आहे हे त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं होतं. त्यांनी ट्रेमधून टाके काढायची बारीक कात्री घेतली, स्टूल ओढून माझ्या पायाशी बसल्या आणि एकेक टाका कापू लागल्या. त्यांच्या कोपराचा ओझरता स्पर्श माझ्या पावलाला झाला. मी दात दाबले. मला वाटलं, कुणाला दिसलं नाही.

“फार पक्की शिवण आहे हो तुमची,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “दुखणं किती आहे? शून्य ते दहात सांगा.”

“दोन,” मी म्हणाले.

“मागच्या वेळीही दोनच होतं.”

“हो. त्यात सुधारणा नाही, पण बिघाडही नाही.”

दोन हा फार सोयीचा आकडा आहे. एक म्हटलं तर कशाला आलात, तीन म्हटलं तर घरचे चपापतात. दोन म्हटलं की सगळे चहा प्यायला मोकळे.

टाके तुटत होते. टक्. टक्.

“दोन नाही,” हे म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले, की मला वाटलं ते लिफ्टच्या दोराबद्दलच बोलताहेत.

“रात्री आडवं झाल्यावर ही पायावरचं पांघरूण काढते. मला झोप लागलीय असं समजून, आवाज न करता. मी जागा असतो. मग मीही झोपलोय असं दाखवतो.” ह्यांनी टेबलावरची माझी गोळ्यांची पट्टी उचलली आणि नुसतीच हातात धरली. “एक गोळी बंद झाली असती तर म्हणता आलं असतं ना, की निम्मं बरं झालं. म्हणून तो खटाटोप. हे दुखणं पूर्ण जाणार नाहीये. मला कधीचं कळलंय. मला ते दुरुस्त करता येत नाहीये.”

शेवटचा टाका तुटला. कोट सुटला. ट्रम्पेटवाल्यांनी तो हातावर घेतला, पण हलले नाहीत. कार्यक्रमाला उशीर होत होता, तरी तसेच उभे राहिले, गाल एकदम बसलेले.

“कमी होऊ शकतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बऱ्यापैकी. पण किती आहे तेच कुणी सांगितलं नाही, तर मी मापायचं कशावरून?”

सासूबाई पुढे आल्या. रिकामी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवला. “आता तोंडात टाचण्या नाहीत ना? मग सांग. बरंय का?”

मी माझ्या त्या सभ्य, गोऱ्यागोमट्या पावलाकडे पाहिलं. घोळाला लाल दोऱ्याचे तुकडे अजून चिकटलेले होते.

“सात,” मी म्हणाले. “कधी कधी आठ. बरं नाहीये, आई. मुळीच बरं नाहीये.”